नोंद नसलेली पाठशाळा

सेवानिवृत्तीनंतर चातुर्मासात रोज दुपारी एक तास स्वाध्याय करावयाचा, असा नेम मी कसाबसा पाळत आलो आहे. यंदा त्या तासात एका इंग्रजी ग्रंथाने प्रवेश केला. माझी कन्या महाविद्यालयात इतिहास शिकविते. राखीपौर्णिमेस ती खुलताबादला आली, तेव्हा पिशवीतून एक पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "बाबा, यात जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू स्वच्छ मांडल्या आहेत. तुम्हांला आवडेल." छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला वश करण्याची रीत तिला चांगली ठाऊक आहे.

ग्रंथाचे नाव 'जेंडर अँड साल्व्हेशन'. लेखक प्रा. पद्मनाभ जैनी. कॅलिफोर्निया विद्यापीठाने तो १९९१ साली प्रसिद्ध केला. स्त्रीला स्त्रीदेहानेच मोक्ष मिळू शकतो की नाही, या प्रश्नावर आपल्या आचार्यांनी शतकानुशतके जो वाद घातला, त्यातील सहा मूळ ग्रंथांचा अनुवाद व विवेचन त्यात आहे. विषय नाजूक आहे हे मी जाणतो. या मासिकाच्या वाचकांत दोन्ही आम्नायांची कुटुंबे आहेत आणि पर्वाच्या दिवसांत कोणाचे मन दुखवावे असा माझा हेतू नाही. वादाचा निकाल देण्याचा मला अधिकारही नाही. ग्रंथ वाचून झाल्यावर माझ्या स्वतःच्या घरातले एक जुने खाते उघडावे लागले, ते मात्र सांगावयाचे आहे.

प्रथम लेखकाविषयी थोडेसे. जैनी यांचा जन्म १९२३ साली मूडबिद्रीजवळील नेल्लिकार या गावी, दिगंबर घराण्यात झाला. लहानपणीच त्यांना विदर्भातील कारंजा येथील महावीर ब्रह्मचर्याश्रमात शिकण्यास पाठविले गेले. पुढे नाशिकच्या महाविद्यालयात त्यांनी संस्कृत-प्राकृताचा अभ्यास केला. तेथून अहमदाबाद, श्रीलंका, काशी, लंडन असा प्रवास करीत ते अमेरिकेत बर्कले येथे प्राध्यापक झाले आणि २०२१ साली तेथेच वारले. कारंज्याचे गुरुकुल उभारणारे समंतभद्र महाराज ते हेच, ज्यांच्या प्रेरणेने आमच्या वेरूळचे पार्श्वनाथ ब्रह्मचर्याश्रम गुरुकुल उभे राहिले. वेरूळच्या गुरुकुलाच्या फाटकावरून मी शेकडो वेळा गेलो असेन. पण त्याच परंपरेतल्या विद्यार्थ्याने असा ग्रंथ लिहिला आहे, हे मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कळले.

आता वादाविषयी. नवव्या शतकात शाकटायन नावाचे यापनीय संप्रदायाचे आचार्य होऊन गेले. आज लोप पावलेला हा संप्रदाय. त्यांचे मुनी दिगंबर राहात, परंतु स्त्रीमुक्ती मानीत. शाकटायनांनी 'स्त्रीनिर्वाणप्रकरण' लिहून प्रश्न केला की, सम्यग्दर्शन, सम्यग्ज्ञान आणि सम्यक्चारित्र ही तीन रत्ने स्त्रीला अप्राप्य आहेत, यास प्रमाण कोणते? त्यांची एक युक्ती मला विशेष आवडली. स्त्री सातव्या नरकात जात नाही, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. त्यावरून दिगंबर पक्ष म्हणतो, अधोगतीच्या शेवटच्या टोकास जाण्याइतके बळ जिच्यात नाही, तिच्यात ऊर्ध्वगतीच्या शेवटच्या टोकास पोहोचण्याचे बळ कोठून येणार? शाकटायन विचारतात, या दोहोंत व्याप्ती कोठे आहे? हे वाचताना मी एकटाच हसलो. मोठे कर्ज मिळण्याइतकी पत नसलेल्या कितीतरी बायकांच्या मोठ्या मुदतठेवी मी स्वतःच्या हाताने नोंदविल्या आहेत. एका टोकावरून दुसऱ्या टोकाचा हिशेब लागत नाही, हे आमच्या काउंटरवरही दिसत असे.

परंतु दुसरी बाजूही हलकी नाही, आणि जैनींनी ती तितक्याच आदराने मांडली आहे. प्रभाचंद्राचार्य म्हणतात, वस्त्र आले की त्याची चिंता आली, चिंता आली की परिग्रह आला, धुण्या-वाळविण्यात जीवहिंसा आली. आणि लोकमर्यादेमुळे स्त्रीला वस्त्र सोडता येत नाही. संपूर्ण अपरिग्रहावाचून मोक्ष नाही, हे तर आपण सगळेच मानतो. ज्या घरात मी वाढलो, त्या घराची श्रद्धा याच बाजूची. शाकटायनांचे उत्तर असे की, मुनीची पिंछी जसे संयमाचे उपकरण, तसे साध्वीचे वस्त्र. पुढे आणखी एक गोष्ट जैनी लक्षात आणून देतात. जे स्त्रीमुक्ती मानतात, त्यांच्याकडेही कित्येक वर्षांच्या दीक्षित साध्वीने काल दीक्षा घेतलेल्या मुनीला वंदन करावयाचे असते. मोक्षाचा दरवाजा उघडा असूनही उंबरठ्यावरचा हा क्रम बदललेला नाही.

ग्रंथ मिटल्यावर माझ्या मनात जे राहिले, ते या युक्तिवादांहून वेगळे होते. सहा ग्रंथ, सहा मुनी. शेकडो वर्षे ज्यांच्याविषयी हा वाद चालला, त्यांच्यापैकी एकीचाही शब्द त्या सहा ग्रंथांत नाही. आणि साध्वी काही थोड्या नव्हत्या. कल्पसूत्रात भगवान महावीरांच्या चतुर्विध संघाची संख्या दिली आहे: साधू १४,०००, साध्वी ३६,०००, श्रावक १,५९,०००, श्राविका ३,१८,०००. जुन्या सवयीने मी बेरीज केली. एकूण ५,२७,०००; त्यांत स्त्रिया ३,५४,०००, म्हणजे शेकडा सदुसष्ट. ज्या संस्थेचे दोन-तृतीयांश भागधारक सभेत बोलत नाहीत, त्या संस्थेच्या इतिवृत्तावर लेखापरीक्षक काय शेरा मारील?

येथे मला आत्या आठवली.

खुलताबाद तालुक्यातील एका बाजाराच्या गावी आमचे किराणा-भुसाराचे दुकान होते. गावात जैनांची अकरा घरे आणि एक लहानसे चैत्यालय. आत्या एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतली. १९५३ साली आजोबांनी, घरच्यांचा विरोध पत्करून, तिला सोलापूरच्या श्राविकाश्रमात ठेवले. तेव्हा आमचा मुलूख हैदराबाद राज्यात होता आणि सोलापूर मुंबई राज्यात, आजी म्हणे, "पोरीला परमुलखात टाकलं." तीन वर्षांनी आत्या परत आली ती पांढरे पातळ नेसलेली, ताठ मानेने चालणारी आणि पावकी-निमकी-पाउणकी आमच्या मुनीमजींपेक्षा जलद म्हणणारी.

त्या श्राविकाश्रमामागे काय परंपरा होती, हे मला फार उशिरा समजले. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढले, १८९६ साली कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी काम सुरू केले. रमाबाईंनी धर्मांतर केल्यामुळे सनातनी घरे धास्तावली होती. आपली मुलगी शिकावी, पण आपला धर्म तिने सोडू नये, असे वाटणाऱ्या व्यापारी कुटुंबांनी करावे तरी काय? मुंबईचे दानवीर माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांची कन्या मगनबाई तरुणपणीच विधवा झाली. वडिलांनी तिला शिकविले आणि तिने मुंबईत श्राविकाश्रम उभारून त्या प्रश्नाला उत्तर दिले. ललिताबाई आणि सोलापूरच्या कंकुबाई तिच्या सहकारी. या बायका गावोगाव हिंडल्या, सभांतून बोलल्या, वर्गणी गोळा केली आणि विधवांना शिक्षिका करून परत धाडले. सोलापूरच्या आश्रमाची धुरा पुढे पंडिता सुमतीबाई शहा यांनी वाहिली. सरकारने त्यांना पद्मश्री दिली, हे पुष्कळांना ठाऊक असते. दिगंबर परंपरेतला प्राचीनतम सिद्धान्तग्रंथ जो षट्खंडागम, त्याची १९६५ सालची एकखंडी आवृत्ती सुमतीबाईंनी संपादित केली, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. ज्या शास्त्राच्या आधारे स्त्रीच्या अधिकाराची चर्चा होते, तेच शास्त्र एका ब्रह्मचारिणीने संपादित करून समाजाच्या हाती दिले. जैनींच्या सहा ग्रंथांत न सापडलेला आवाज मला येथे सापडला.

आत्या अशा हातांखालून आली होती. १९५७ साली तिने आमच्या ओसरीवर मुलींची पाठशाळा सुरू केली. दर रविवारी सकाळी पूजा आटोपली की मुली पाट्या घेऊन येत. प्रथम णमोकार, मग बाराखडी, मग पाढे. वर्षारंभी ती एकच कथा सांगे: भगवान ऋषभदेवांनी आपल्या दोन कन्यांना मांडीवर घेतले, ब्राह्मीला अक्षरे शिकविली आणि सुंदरीला अंक. "आधी मुलींना, बरं का," असे म्हणून ती माझ्याकडे पाही. मी कोपऱ्यात बसून ऐकत असे, कारण तिचे पाढे शाळेतल्या गुरुजींपेक्षा सोपे वाटत. आरंभी आमच्या अकरा घरांतल्याच मुली होत्या. मग माळ्यांच्या आल्या, मराठ्यांच्या आल्या, पुढे एका मोमीन विणकराच्या दोघी आल्या. त्यांना ती णमोकाराच्या वेळी बाराखडी गिरवावयास देई.

वर्षातून एकदा ती सर्वांना वेरूळला नेई. खुलताबादपर्यंत एसटीने आणि तेथून घाट उतरून पायी. इंद्रसभा म्हणतात त्या ३२व्या लेण्यात आम्रवृक्षाखाली सिंहावर बसलेल्या अंबिकेपुढे ती मुलींना बसवी आणि डबे सोडावयास सांगे. जुन्या पाहुण्यांनी पलीकडचा हत्तीवरील यक्ष पाहून त्याला इंद्र ठरविले, म्हणून अंबिका कित्येक वर्षे इंद्राणी म्हणून गणली गेली. स्वतःच्या नावाची, स्वतःच्या पूजेची यक्षी; नोंदीत मात्र कोणाची तरी बायको. लेण्यांच्या वर डोंगरावर पार्श्वनाथांची मोठी मूर्ती आहे. तिच्यावरील शके ११५६ चा लेख बर्जेस यांच्या १८८३ सालच्या अहवालात दिला आहे. चक्रेश्वर नावाच्या श्रावकाने ही मूर्ती करविली. त्यात त्याच्या आजोबांचे नाव आहे, वडिलांचे आहे, आणि आईचे आहे: स्वर्णा. आजीचे नाही. त्या मूर्तीपुढे मी लहानपणापासून हात जोडत आलो, पण स्वर्णेचे नाव या वर्षी वाचले. शाकटायनांनी स्त्रीची बाजू मांडली आणि जिनसेनाचार्यांनी आदिपुराणात ब्राह्मी-सुंदरीची कथा लिहिली, तो काळ राष्ट्रकूट अमोघवर्षाचा. याच राष्ट्रकूटांच्या काळात वेरूळची जैन लेणी खोदली जात होती. कन्येला मी हे फोनवर सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "मग बाबा, आता आपल्या चैत्यालयाची दप्तरे काढा."

दप्तरे काढली. विश्वस्त मंडळाची १९५७ ते १९८५ ची इतिवृत्ते लाल बासनात बांधलेली होती. गणेशोत्सवानंतरचे आठ दिवस मी त्यांत घालविले. पाठशाळेचा उल्लेख एकूण एकोणतीस ठिकाणी आहे. 'पाठशाळेच्या मुलींनी महावीर जयंतीस गीत सादर केले.' 'पाट्या व पेन्सिली, रुपये साडेसात, हस्ते' आणि पुढे माझ्या आजोबांचे नाव. 'मुलींची उपस्थिती समाधानकारक.' आत्याचे नाव एकदाही नाही. वाईट हेतूने कोणी ते गाळले असे मला वाटत नाही. लिहिणाऱ्यांच्या मते ती घरचीच होती. घरच्या माणसाचे नाव कोण लिहितो? नंतर काही वर्षे सचिव म्हणून इतिवृत्त मीच लिहीत असे. माझ्या अक्षरातही ते नाही.

१९७२ च्या नोंदीत 'दुष्काळामुळे पाठशाळा बंद' असे स्पष्ट लिहिले आहे. मी ते खरे धरून चाललो होतो. परंतु कन्येने बजावले होते की कागद मिळाला म्हणून थांबू नये, माणसांना विचारावे. म्हणून मी जुन्या विद्यार्थिनी शोधू लागलो. चौघी सापडल्या. चौघींनीही सांगितले की पाठशाळा एकही रविवार बंद नव्हती. त्या वर्षी दुष्काळी कामावर खडी फोडावयास जाणाऱ्या बायकांची हजेरी आणि मजुरी मुकादम चुकीची लावी, म्हणून आत्याने त्या बायकांनाच रविवारी ओसरीवर बसवून आकडे शिकविले. विश्वस्तांना ते रुचले नसावे. त्यांच्या वहीत पाठशाळा बंद झाली.

आता ते खाते, जे उघडावे लागले असे मी आरंभी म्हटले.

आजोबा १९६८ साली वारले. घर व दुकान त्यांचे स्वकष्टार्जित. आजी आधीच गेलेली. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार, जो आपल्यालाही लागू आहे, वारस दोघे: माझे वडील आणि आत्या, निम्मे-निम्मे. वडील १९९४ साली गेले. दुकानासाठी कर्ज काढावयाचे होते आणि उताऱ्यावर नावे स्वच्छ हवी होती. त्या वर्षी महाराष्ट्राने मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत हक्क देणारी दुरुस्ती केली होती; त्यामुळे भाऊ म्हणाला, कटकट नको, आत्याचे हक्कसोडपत्र करून घेऊ. घरात एम.कॉम. झालेला मी एकटा, त्यामुळे मसुदा मी केला.

याच सुमारास मी समाजाच्या एका संमेलनात व्याख्यान दिले होते. विषय, 'जैन स्त्रीचे कायदेशीर स्थान'. १८७८ साली शिवसिंगराय विरुद्ध दाखो या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने जैनांची रूढी मान्य करून, पुत्रहीन जैन विधवेला पतीच्या स्वकष्टार्जित मिळकतीवर पूर्ण हक्क आहे आणि ती कोणाच्या परवानगीवाचून दत्तक घेऊ शकते, असे ठरविले. इतर विधवांना जे मिळत नव्हते, ते आपल्या स्त्रियांना होते, असे मी अभिमानाने सांगितले. टाळ्या पडल्या. पुढच्या महिन्यात मी आत्याला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात घेऊन गेलो.

ती बाकावर बसली आणि म्हणाली, "वाचून पाहू का रे?"

"वाचायचं काय त्यात, आत्या? सही कर. साहेब खोळंबलेत."

तिने चष्मा लावला. पाचही पाने सावकाश वाचली. कारकून दोनदा आमच्याकडे पाहून गेला. तिसऱ्या पानावर तिने बोट ठेवले. "चतुःसीमा चुकली आहे. पूर्वेस रस्ता आणि पश्चिमेस वाणी हवेत. तू उलटं लिहिलंस." खरोखरच उलटे होते. जे घर ती सोडून देत होती, त्याच्या सीमा तिने दुरुस्त करून दिल्या. मी खाडाखोडीवर आद्याक्षरे केली. मग तिने वळणदार अक्षरात सही केली, आणि परतताना बाजारातून मेथीची जुडी घेतली.

त्यानंतर चौदा वर्षे ती त्याच घरात, मागच्या खोलीत राहिली. कशाची कमतरता आम्ही पडू दिली नाही, असे मी म्हणत आलो आहे. २००९ साली ती गेली. तिला कागद कळला होता की नाही, याचा विचार मी फारसा करीत नसे. भोळी होती, आपल्यावर तिचा विश्वास होता, अशी मी माझी समजूत घातली होती.

चार विद्यार्थिनींपैकी एक खुलताबादेतच कापडाचे दुकान चालविते. दुकान तिच्या नावावर आहे, हिशेब तीच लिहिते. मी आत्याविषयी विचारावयास गेलो, तेव्हा तिने चहा मागविला आणि सहज म्हणाली, "शेवटच्या वर्षी आत्याबाई आम्हा मोठ्या मुलींना खरेदीखत वाचायला शिकवायच्या. तुमच्या दुकानातले जुने कागद आणायच्या. चतुःसीमा कशी बघायची, हिस्सा कुठं लिहिलेला असतो, सही कशावर करतोय. म्हणायच्या, बाई गं, द्यायचं असलं तरी काय देतो ते वाचून द्यावं."

मला चहा गोड लागला नाही.

घरी आल्यावर मी कन्येला ही सगळी हकीकत सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणि माझं हक्कसोडपत्र कधी करायचं ठरलं आहे?" २००५ ची दुरुस्ती, २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय, सारे मला पाठ आहे, तरी तिच्या भावाशी या विषयावर मी तोवर एक शब्दही बोललो नव्हतो. दिवाळीत दोघांना समोर बसवून बोललो. बोलणे सुखाचे झाले असे म्हणणार नाही. मृत्युपत्राचा मसुदा आता तिच्याकडे तपासण्यास दिला आहे.

चैत्यालयाच्या विश्वस्तांना मी लेखी अर्ज केला आहे की, १९५७ ते १९८५ या काळातील पाठशाळेच्या संचालिकेचे नाव इतिवृत्तात नोंदवावे आणि १९७२ ची नोंद दुरुस्त करावी. सोबत चौघींची निवेदने त्यांच्या सह्यांनिशी जोडली आहेत. जुन्या इतिवृत्तात दुरुस्ती करता येते काय, अशी शंका अध्यक्षांनी काढली. नव्या पानावर ठराव करता येतो, असे मी कळविले. मागील सभेत वेळेअभावी विषय राहून गेला. पुढील सभा माघ शुद्धात आहे, आणि विषयपत्रिकेत तो सातवा आहे.